कोरड्या जागेचा शोध

औषधाच्या जवळजवळ प्रत्येक पाकिटावर बारीक अक्षरांत एक सूचना असते : थंड व कोरड्या जागी ठेवावे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, औषधांच्या घाऊक विक्रेत्याकडे मी सव्वीस वर्षे हिशेब लिहिले. ही सूचना किती हजार वेळा डोळ्यांखालून गेली असेल, सांगता येणार नाही. आणि दर आषाढात मला एकच प्रश्न पडे. कोरडी जागा म्हणजे नेमकी कुठली? ज्या घरात मिठाला पाणी सुटते, काडेपेटी सादळते, कपाटातल्या कातडी पट्ट्यावर हिरवी बुरशी धरते, भिंतीला हात लावला तर बोटे ओलसर होतात, त्या घरात गोळ्यांनी जायचे कुठे?

हिशेबनीसाच्या सवयीने आकडेच मांडतो. ३० अंश सेल्सियसची हवा एका घनमीटरमागे जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात धरू शकते. आर्द्रता ८० टक्के असेल तर त्यातले २४ ग्रॅम प्रत्यक्षात हवेत असते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा मावते. म्हणजे एकही थेंब न दिसता त्या खोलीत जवळजवळ ७०० ग्रॅम पाणी तरंगत असते. गोळी त्या पाण्यात बसलेली असते.

हा प्रश्न माझ्यापुरता तरी नुसत्या कुतूहलाचा नाही. माझी एक आत्या आमच्याकडेच राहायची. तिला फिट्स येत. मी कॉलेजात जाऊ लागलो त्या सुमारास तिला चांगल्या गोळ्या सुरू झाल्या आणि वर्षभर फिट आली नाही. तिची बोटे थरथरत, पट्टीतून गोळी काढताना ती हमखास जमिनीवर पडे. म्हणून वडील महिन्याच्या सगळ्या गोळ्या एकदम सोडवून प्लॅस्टिकच्या एका पारदर्शक डब्यात भरून ठेवत. डबा स्वयंपाकघरात, मोरीशेजारच्या फळीवर. त्या श्रावणात तिला पुन्हा फिट्स येऊ लागल्या. शेजारच्यांनी अमावास्येला बोल लावला, डॉक्टरांनी गोळी वाढवली. दिवाळीनंतर सगळे पुन्हा सुरळीत झाले. या डब्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

नोकरीत असताना जुने ग्रंथ, औषधकोश, मासिकांचे अंक जसे हाती लागतील तसे वाचत गेलो. त्यातून एक गोष्ट हळूहळू स्पष्ट झाली. औषधांच्या वेष्टनाचा इतिहास म्हणजे या कोरड्या जागेचाच इतिहास आहे. ती आधी घरात होती, मग भांड्यात आली, मग बाटलीत शिरली, आणि शेवटी एका गोळीपुरत्या खळग्यात येऊन बसली.

शिंक्यावरचे औषध

चरकसंहितेच्या कल्पस्थानात, पहिल्याच अध्यायात, वनस्पती गोळा करून आणल्यावर त्या कशा ठेवाव्यात याचे वर्णन आहे. औषधांच्या कोठारांची दारे पूर्वेला किंवा उत्तरेला असावीत. आत वाऱ्याचा झोत नसावा, पण हवा खेळती असावी. आग, पाणी, दमटपणा, धूर, धूळ, उंदीर आणि चतुष्पाद प्राणी तिथे पोहोचू नयेत. औषधे नीट झाकून शिंक्यांवर टांगून ठेवावीत. आपल्या आज्या दूध-दही मांजरापासून वाचवायला जे शिंके वापरत, तेच हे शिंके. जमिनीची ओल वर चढते आणि भिंतीची ओल टेकलेल्या वस्तूत शिरते. अधांतरी टांगलेल्या वस्तूला दोन्हींचा उपद्रव कमी.

सुश्रुताच्या सूत्रस्थानातही औषधे कापडात, मातीच्या भांड्यांत, फळ्यांवर आणि खुंट्यांवर ठेवण्याचा उल्लेख आहे, आणि धूर, पाऊस, वारा व ओल यांपासून सर्व ऋतूंत सुरक्षित असलेल्या घरातच औषधसाठा करावा असे बजावले आहे. दोन्ही ठिकाणी लक्ष मुख्यतः घरावर आहे. वैद्य वास्तू निवडतो, दिशा निवडतो, आणि कोरडेपणाची जबाबदारीही त्याचीच असते. रोग्याच्या घरी औषध साठवण्याचा प्रश्न फारसा येतच नाही, कारण औषध बहुधा लागेल तसे ताजे करून दिले जाई.

मला सर्वांत जास्त थक्क केले ते शार्ङ्गधराने. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या त्याच्या संहितेत औषधांच्या आयुष्याचे चक्क कोष्टकच आहे. चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होते. गुटी आणि अवलेह वर्षभर टिकतात. आसव, धातू आणि रसकल्प मात्र जुने होतील तसे अधिक गुणकारी मानले आहेत. आजच्या ‘एक्स्पायरी डेट’चा हा पूर्वजच म्हणायचा. आणि त्यामागचे निरीक्षण किती अचूक आहे पाहा. मुळी कुटून चूर्ण केले की तिचा हवेला लागणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो आणि ओल तितक्याच वेगाने आत शिरते. तेच चूर्ण वळून गोळी केली की आतला भाग झाकला जातो. गोळीचा आकार हे औषधाचे पहिले वेष्टन होते.

दाबून केलेली गोळी

या निरीक्षणाला यंत्राची जोड मिळाली ती १८४३ मध्ये. विल्यम ब्रॉकडन हा इंग्लंडमधला चित्रकार. पेन्सिलीतल्या शिशासाठी ग्रॅफाइटची भुकटी साच्यात दाबून एकजीव करण्याची युक्ती त्याने काढली आणि तीच औषधाच्या भुकटीला लावून पेटंट घेतले. पुढे लंडनच्या बरोज वेलकम कंपनीने अशा दाबलेल्या गोळ्यांसाठी १८८४ मध्ये ‘टॅब्लॉइड’ हे नाव नोंदवले. पत्र्याच्या घट्ट पेटीत बसवलेल्या या गोळ्या आफ्रिकेच्या जंगलात स्टॅन्लेबरोबर गेल्या. आटोपशीर बातम्यांच्या छोट्या वर्तमानपत्रांना आपण टॅब्लॉइड म्हणतो ते याच गोळीवरून, हे साहित्याच्या वाचकांना गमतीचे वाटेल.

पेटी परवडणाऱ्यांसाठी पेटी होती. बाकीच्यांसाठी कागद होता. १८९२ पासून बंगालमध्ये हिवतापावरचे क्विनाइन टपाल कचेऱ्यांतून विकायला सुरुवात झाली. एका पैशाला एक पुडी, पुडीत पाच ग्रेन भुकटी. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक जॉर्ज किंग यांची ही योजना. बंगालच्या पावसात कागदाच्या पुडीतले औषध टिकेल कसे, असे वाटेल. पण क्विनाइनचा क्षार त्या मानाने सोशिक. ओलीने तो सहसा विघटत नाही. पुडी तगली ती कागदाच्या गुणाने तगली नाही, आतल्या औषधाच्या स्वभावाने तगली. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुडीची सवय आपल्याकडे राहिली आणि औषधे मात्र बदलत गेली.

व्हिनेगरचा वास

ॲस्पिरिन बाजारात आले १८९९ मध्ये, आधी भुकटीच्या आणि लवकरच गोळीच्या रूपात. या औषधाचे रसायन सोपे आहे : सॅलिसिलिक आम्लाला ॲसेटिक आम्लाचा एक तुकडा जोडलेला. ओल लागली की पाणी तो सांधा उसवते आणि दोन्ही आम्ले पुन्हा वेगळी होतात. यांपैकी ॲसेटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरचा जीव. गोदामातल्या माझ्या पहिल्याच पावसाळ्यात हजार गोळ्यांची एक बरणी उघडली तेव्हा भपकन आंबट वास आला. मी मालकांना म्हटले, बहुतेक लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली असावी. ते हसले नाहीत. त्यांनी बरणी बाजूला काढली आणि मला म्हणाले, “हिचा वास येतो म्हणून कळलं. ज्यांचा वास येत नाही त्यांचं काय?”

बाटलीने बराच प्रश्न सोडवला होता. काचेतून वाफ जात नाही. ती शिरते ती बुचाच्या फटीतून, आणि मुख्य म्हणजे झाकण उघडल्यावर. शंभर गोळ्यांची बाटली शंभर वेळा उघडावी लागते, आणि प्रत्येक वेळी आत बाहेरची ताजी दमट हवा येते. गोळ्या आपटून फुटू नयेत म्हणून बाटलीत कापसाचा बोळा घालण्याची पद्धत होती. बाटली उघडल्यावरही लोक तो तसाच ठेवत, जणू तो औषध राखतो आहे. प्रत्यक्षात उघडलेल्या बाटलीत कापूस ओल धरून ठेवतो. बायर कंपनीने ॲस्पिरिनच्या बाटलीतला हा बोळा १९९९ च्या सुमारास बंद केला.

बोळ्याचे काम आज दुसरेच कोणी करते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे वॉल्टर पॅट्रिक यांना १९१९ मध्ये सिलिका जेल बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. वाळूच्याच कुळातला हा पदार्थ. पण त्याच्या कणांत इतकी सूक्ष्म छिद्रे असतात की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरतो, आणि तो पाण्याची वाफ चिकटवून घेतो. मिठात तांदळाचे दाणे टाकण्याची आपल्या घरातली युक्ती याच जातीची. फक्त या पुडीचीही एक मर्यादा असते. ती भरली की संपली. झाकण उघडे टाकले तर ती दोन-चार दिवसांत खोलीचीच ओल पिऊन तृप्त होते.

पिंपरीची बाटली

काही औषधे इतकी हळवी असतात की त्यांना पाणी शेवटच्या क्षणापर्यंत भेटूच द्यायचे नाही, हा एकच उपाय उरतो. पेनिसिलीन त्यांपैकी. त्याच्या रेणूत चार अणूंचे एक ताणलेले कडे असते. पाणी ते उघडते आणि औषध निकामी होते. म्हणून ते कोरड्या भुकटीच्या रूपात काचेच्या कुपीत भरायचे, वर रबराचे बूच, त्यावर ॲल्युमिनियमची टोपी आवळलेली. इंजेक्शन देतानाच सुईने आत शुद्ध पाणी सोडायचे. पिंपरीला १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. आमच्या पिढीतल्या खेड्यातल्या मुलांनी दवाखान्यामागे पडलेली ती रबरी बुचे खोडरबर म्हणून वापरली आहेत. ज्या बुचाने पाण्याची वाफ अडवून धरली होती, त्याने पाटीवरचे पाढे मात्र कधी धड पुसले नाहीत.

तीच रीत आजही प्रत्येक आईच्या हातात आहे. मुलांच्या प्रतिजैविकाच्या बाटलीत तळाला भुकटी असते. उकळून गार केलेले पाणी रेषेपर्यंत घालायचे, हलवायचे, आणि बहुधा सात दिवसांत संपवायचे. पाणी घातल्या क्षणापासून घड्याळ सुरू होते.

देवीच्या लशीची गोष्ट याहून विलक्षण. १८०२ मध्ये ही लस व्हिएन्नाहून बगदाद, बसरा असा प्रवास करीत मुंबईला आली आणि १४ जूनला ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. व्हिएन्नाचे डॉक्टर दे कारो यांनी लस पाठवताना ती कापसाच्या धाग्यांत भिजवून, दोन काचांमध्ये ठेवून, कडा मेणाने बंद केल्या होत्या. खटपट होती ती लस वाटेत वाळू नये म्हणून. दीडशे वर्षांनी प्रश्न नेमका उलटा झाला. लंडनच्या लिस्टर संस्थेत लेस्ली कोलियर यांनी लस गोठवून, निर्वात जागेत तिच्यातल्या बर्फाची थेट वाफ करून, कोरडी ठक्क लस काचेच्या कुपीत बंद करण्याची भरवशाची पद्धत बसवली. अशी लस ३७ अंशांत महिनाभर ठेवली तरी कामाची राहते. भारतात ती बेळगाव, गिंडी, हैदराबाद आणि पटवाडांगर इथे बनू लागली. आपल्या देशातला देवीचा शेवटचा स्थानिक रोगी १९७५ च्या मे महिन्यात आढळला. हे यश टोचणाऱ्या हातांचे, घरोघर फिरणाऱ्या पायांचे आहेच. त्यात त्या बंद कुपीतल्या कोरडेपणाचाही वाटा आहे.

इस्त्रीने बंद केलेली पिशवी

१९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. बनगाव इथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडची शिरेतून द्यायची सलाइन संपत आली. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पॉलिथिनच्या पिशव्यांत भरून घेतला, पिशव्यांची तोंडे तापलेल्या इस्त्रीने चिकटवली, आणि छावणीत हे मिश्रण पाण्यात कालवून पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले. औषधाच्या वेष्टनाचा इतिहास लिहायचा तर ती इस्त्री संग्रहालयात ठेवण्याच्या लायकीची आहे.

पुढे हीच जलसंजीवनी जगभर पाकिटांतून जाऊ लागली तेव्हा ओलीने डोके वर काढले. पाकिटात दमटपणा शिरला की ग्लुकोज आणि सोडा यांची आपसांत प्रक्रिया होऊन भुकटी तपकिरी पडे, तिचे खडे होत. उपाय दोन होते : पाकीट भारी करायचे, किंवा औषध सोशिक करायचे. जाड ॲल्युमिनियमचे पाकीट महाग, आणि ही पाकिटे लागणार गरिबांना, कोट्यवधींच्या संख्येने. १९८४ मध्ये सोड्याच्या जागी सायट्रेट घालण्याचा निर्णय झाला. मिश्रण जास्त टिकू लागले आणि स्वस्त पाकीटही चालू लागले. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथे शास्त्रज्ञांनी प्रश्न गरिबाच्या घरातून सुरू केला. घर ओलेच असणार हे गृहीत धरले आणि बाकीचे त्याप्रमाणे बदलले.

एका गोळीपुरते घर

१९१० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये क्रॉइट्सलिंगन इथे ॲल्युमिनियमचा वर्ख लाटण्याचा कारखाना निघाला. चॉकलेटसाठी गाजलेला हा वर्ख पुढे औषधांकडे वळला. सलग, बिनछिद्र वर्खातून पाण्याची वाफ जात नाही. दोन वर्खांच्या मध्ये गोळी ठेवून कडा दाबल्या की पट्टी तयार होते. एक गोळी काढली तरी शेजारच्या गोळीला बाहेरची हवा लागत नाही. बाटलीचा जो मुख्य दोष होता, तो इथे मुळातूनच गेला.

नंतर आली पारदर्शक फुगेवाली पट्टी. तिचे प्लॅस्टिक पीव्हीसीचे. ते दिसते काचेसारखे, पण वागते दाट विणलेल्या कापडासारखे : पाणी अडते, वाफ मात्र सावकाश आरपार जाते. म्हणून हळव्या औषधांसाठी त्यावर पीव्हीडीसीचा थर देतात. अमेरिकेतल्या डाऊ कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३३ मध्ये राल्फ वायली नावाच्या तरुणाला एका काचेच्या भांड्यातला चिकट थर काही केल्या धुऊन काढता येईना, त्यातून हा पदार्थ हाती लागला. आणि सर्वांत भक्कम म्हणजे दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेली पट्टी, जिला आमच्या धंद्यात ‘अलू-अलू’ म्हणतात. ॲल्युमिनियम तापवून फुगवता येत नाही. नायलॉन आणि पीव्हीसी यांच्या मध्ये चिकटवून ते थंडच दाबावे लागते, आणि फाटू नये म्हणून खळगा ऐसपैस ठेवावा लागतो. “एवढं मोठं पान आणि गोळी एवढीशी, कंपनी फसवते,” अशी तक्रार घेऊन कितीतरी गिऱ्हाइके दुकानदारांकडे येत. त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेतच गोळीचे संरक्षण आहे, हे त्यांना कोणी सांगत नसे.

पण पट्टी किती भक्कम हवी, हे ठरवणार कोण? औषध किती काळ टिकते हे ठराविक तापमानाच्या आणि आर्द्रतेच्या कपाटात ठेवून तपासतात. युरोप, अमेरिका आणि जपान यांनी १९९० मध्ये एकत्र येऊन जे नियम घडवायला घेतले, त्यांत दीर्घ मुदतीच्या चाचणीसाठी २५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता हे प्रमाण मानले गेले. आमच्याकडे अशी हवा माघात, आणि तीही क्वचित. आग्नेय आशियातल्या देशांनी २००४ मध्ये आपल्यासाठी ३० अंश आणि ७५ टक्के हे प्रमाण ठरवले. त्यानंतर २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने उष्ण-दमट प्रदेशाचे दोन भाग केले, कमी दमट आणि अती दमट. हवेचा हा फरक चरकाच्या वैद्याला अंगणात उभे राहून कळत होता. कागदावर यायला त्याला एकविसावे शतक उजाडले.

शेवटची पुडी

आता तो डबा. १९९० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फिट्सवरच्या कार्बामाझेपिन या औषधाबद्दल इशारा दिला : दमट जागी ठेवलेल्या या गोळ्यांचा प्रभाव एक तृतीयांशापर्यंत कमी होऊ शकतो. कारण असे की हवेतली ओल स्फटिकात शिरून त्याची रचना बदलते आणि गोळी टणक होते. औषध गोळीत पूर्ण असते, वास येत नाही, रंग बदलत नाही. पण पोटात गोळी नीट विरघळत नाही आणि औषध रक्तात पुरेसे पोहोचत नाही. नोकरीला लागून दहा-बारा वर्षे झाल्यावर मी हे वाचले. आत्याच्या गोळ्या कार्बामाझेपिनच्याच होत्या. त्या श्रावणात नेमके हेच घडले असे मी शपथेवर सांगणार नाही. पण त्या दिवशी वही मिटून मी घरी गेलो आणि वडिलांना काही सांगितले नाही. त्यांनी ते प्रेमानेच केले होते.

कारखान्यातून निघालेली कोरडी जागा दुकानापर्यंत शाबूत येते. ती मोडते ती शेवटच्या वितभर अंतरात. बरणीतल्या सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधल्या जातात. पट्टी कापताना कात्री खळग्याच्या कडेवरून फिरते. आठवड्याच्या वारांचे डबे भरताना गोळ्या सोडवल्या जातात. हजाराची बरणी पट्ट्यांपेक्षा स्वस्त पडते, हे माझ्याच हिशेबाच्या वह्यांत आहे. आणि पुडी बहुधा ज्याच्या हातात पडते त्याच्याच घराचे छप्पर गळत असते. पाकिटावरची सूचना मात्र सर्वांना सारखीच. ती वाचणाऱ्याच्या घरी कोरडी जागा आहे असे धरून चालते.

म्हणून मला वाटते, ओलीला तोंड देण्याचे काम औषधाने आणि पट्टीने करावे, रोग्यावर सोडू नये. जलसंजीवनीच्या बाबतीत ते करून दाखवले गेले आहे. तोवर आपल्या हातात थोडे आहे. गोळी खायच्या वेळीच पट्टीतून काढावी. पट्टी कापावी लागली तर दोन खळग्यांच्या बरोबर मधून कापावी. बाटलीतली छोटी पुडी फेकू नये आणि झाकण लगेच लावावे. आणि पट्ट्या ठेवायला घरातली सर्वांत कोरडी जागा शोधायची तर गृहिणीला विचारावे. पापडांचा डबा ती कुठे ठेवते, तिथेच.

आत्या जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. तो पारदर्शक डबा अजून घरात आहे. झाकण जरा सैल झाले आहे. त्यात मी सदऱ्याची सुटी बटणे ठेवतो.